अकरा शब्द

दवाखान्यातली नर्स म्हणाली,
दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द हवेत.
मिलेन्काकडे अकरा आहेत.
सामुद्रधुनी ओलांडताना मी ते मोजले,
फेरीबोटीच्या फाटक्या तिकिटांच्या पाठीवर:
आई, पाणी, बोट, नको,
शेजारच्या कुत्र्याचं नाव (ते मात्र खणखणीत),
आणि 'मास', म्हणजे अजून.
पावाला मास, उडीला मास,
रडून रडून थांबल्यावर, त्या रडण्यालाही मास.
यादी बघून यास्ना म्हणाली,
'नको' दोनदा धरलंयस.

आज पाळणाघरातून फोन आला. चावली.
अमारोच्या दंडावर दातांची लाल महिरप,
कचेरीत शिक्का मारतात तशी ठसठशीत.
बाई रागावल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या.
म्हणाल्या, त्याने बादली ओढली.
हिच्याकडे 'माझी' हा शब्द नव्हता.
दात होते.

माझ्याकडे तर सगळे शब्द आहेत.
तरी सख्ख्या भावाशी चार वर्षं बोललो नाही,
एका होडीच्या इंजिनावरून.

येताना चौकात वारा सुटला.
आमच्या पुंता आरेनासला नोव्हेंबरात सुटतो तसा,
माणसाला विचारत नाही कुठे निघालास.
अशा दिवशी नगरपालिका कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधते,
धरा आणि चाला.
नेमकं तिथेच बिस्कीट मोडलं.

मोडलं म्हणजे मीच मोडलं,
अर्धं आत्ता, अर्धं घरी, या शहाणपणापायी.
तिने फुटपाथवर फतकल मारली
आणि भोकाड पसरलं, असं
की क्षणभर वाराच बिचकला.
मी दोन्ही तुकडे जुळवून दाखवले. बघ, अख्खं!
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी पाहतो बोटीवर खोटं तिकीट दाखवणाऱ्याकडे.

मला सगळं माहीत होतं, नर्सने सांगितलेलं:
खाली बसा, डोळ्यांच्या उंचीवर या,
आवाज चढवू नका, भावनेला नाव द्या.
सकाळीही माहीत होतं,
जेव्हा बुटांपायी टेबलावर हात आपटून मी ओरडलो
आणि ती गप्प झाली.
मग तिने चमचा उचलला,
तोच हात, लहान मापाचा,
तीच भुवई,
आणि टेबलावर आपटला.
यास्ना दाराकडे तोंड करून कोट चढवत राहिली.

तर मी बसलो.
शहाणा झालो म्हणून नाही, गुडघे दुखत होते.
एका हाताला दोर, दुसऱ्या हाताला तिचं जाकीट.
भावनेला नाव द्यायचं होतं, पण तोंड उघडलं की
वारा शब्द मागच्या मागे घेऊन जात होता,
म्हणून नुसताच बसलो.
लोकरी टोपीतला एक म्हातारा दोर धरून आला,
आम्हाला पाहून थांबला,
आणि दगड ओलांडावा तसा, एकेक पाय उचलून,
आम्हाला ओलांडून गेला.
'असू दे'ही म्हणाला नाही. बरं वाटलं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
हुंदके लांब लांब होत गेले.
मग शेंबूड, लाळ, धूळ लागलेला एक तुकडा
माझ्या ओठांवर येऊन टेकला.
खाल्ला. न खाऊन सांगतो कुणाला.
ती दोराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली:
'ओदा', की 'ओता'.

रात्री यास्नाला सांगितलं, बारावा.
ती म्हणाली, दोराला आपण असं काही म्हणत नाही.
शिंक आली असेल.
अमारोच्या आईला काय लिहायचं,
यावर आम्ही थोडं भांडलो, हळू आवाजात,
कारण भिंत पातळ आहे आणि पलीकडे ती
झोपेत दात खात होती.

दाढा येत असाव्यात.
मी तिकीट काढलं,
बारा आकडा पेन्सिलने लिहिला,
खोडता येईल असा.